झेरॉक्स राहिलेला ठिपका

तासगावच्या जुन्या तहसील कचेरीत
सतरा दिवस मी उभी होते,
हातात वही, गळ्यात ओळखपत्र,
कामाचं नाव निरीक्षण.
नवी इमारत होणार, म्हणून आधी
जुनीत माणसं कुठं थांबतात ते टिपायचं.
दर दहा मिनिटांनी एक फेरी.
उभ्याला फुली, बसलेल्याला गोल.
निजलेल्याला चिन्हच दिलं नव्हतं;
दुसऱ्या दिवशी मी आडवी रेघ सुरू केली.

लोक आधी मला लाचलुचपतवाली समजले,
मग जनगणनेची.
सावळजच्या एका बाईनं विचारलं,
"माझं नाव घेतलंस का गं यादीत?"
घेतलं, म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं :
अकरा चाळीस, मागचा जिना, गोल.

बाकडी नऊ. भिंतीला लावलेली,
साहेबांच्या दाराकडं तोंड करून.
बायका त्यांवर बसत नव्हत्या.
बायका बसत मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
जिथून खिडकी दिसते
आणि खिडकीला आपण दिसत नाही.
हे कुणी सांगितलं नाही मला,
तिथं बसून डबा खाल्ला तेव्हा कळलं.

खिडकीच्या कट्ट्याची फरशी
कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली.
टेबल म्हणून ती कुणी बसवली नव्हती.
वारसनोंदी, बिनशेती, उत्पन्नाचे दाखले,
बेदाण्याच्या शेडची भांडणं,
सगळं तिच्यावर लिहून झालेलं, उभ्या उभ्या,
दुसऱ्याचं पेन मागून.

संध्याकाळी सांगलीला, आरवाडे मॅडमच्या ऑफिसात
माझ्या फुल्या आणि गोल संगणकात जात
आणि पडद्यावर ठिपके चालू लागत.
दार, टोकन, खिडकी, बाहेर :
बारा मिनिटं.
ठिपक्यांना चपला नव्हत्या, पिशवी नव्हती,
ठिपके भिंतीला टेकत नव्हते,
ठिपक्याला ठिपका भेटून
"आरं, तू हिकडं कसा?" होत नव्हतं.

मी म्हटलं, मॅडम, एक राहिलं.
खिडकीपर्यंत गेलेला दर तिसरा माणूस
परत फिरतो.
"का?"
झेरॉक्स राहिलेली असते.
मॅडम हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला,
सूत्रात एक ओळ घातली.
पुन्हा चालवलं, तर नकाशातला तो
अरुंद, वरून उजेड येणारा बोळ
आठ मिनिटांत तुंबला.
मॅडमचा आवडता बोळ.
रात्री नऊपर्यंत आम्ही तो रुंद करत बसलो,
मी दोनदा चहा आणला.

पायऱ्या बसण्याजोग्या खोल झाल्या, सोळा इंच.
कट्टा ठेवला, छातीच्या उंचीला.
फाटकाच्या आत झेरॉक्सवाल्याला सहा बाय आठ
(बांधकाम खात्यानं ते पुढं खोडलं,
पायऱ्या वाचल्या).

रंगराव शिरतोडे मात्र जमले नाहीत.
दर मंगळवारी दहाला येत,
रेकॉर्ड रूमच्या बाहेर उभे राहत दोनपर्यंत.
टोकन नाही, कागद नाही.
कारणाच्या रकान्यात मी 'सावली' लिहिलं होतं,
पण ऊन सरकलं तरी ते सरकले नव्हते.
संगणकानं त्यांना अपवाद ठरवलं,
करड्या रंगात, बाजूला.

शेवटच्या मंगळवारी विचारलंच.
म्हणाले, "आतला पंखा ऐकतोय.
तीस वर्षं त्याच्याखाली शिपाई हुतो.
पात्याचा नट ढिला झालाय,
कोण बघतंय?"

आत जाऊन सांगितलं.
बारनिशीच्या पोरानं मान वर केली,
"नव्या बिल्डिंगीत एसी हाय की."

बाहेर आले. शिरतोडे होते तिथंच.
एक दहा, रेकॉर्ड रूम,
फुली.